जुने भिंग आणि अनित्य दोष

छायाचित्रणाच्या जगात अलीकडे एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो म्हणजे ‘कॅरेक्टर’. जुन्या भिंगातून काढलेले चित्र थोडे धूसर आले, उजेडाकडे तोंड करताच त्यावर पांढुरका थर पसरला, फांद्यांच्या कडांना जांभळी किनार लागली, की हे सारे ‘कॅरेक्टर’ या एका शब्दात जमा होते आणि पाहणारा मान डोलावतो. हा शब्द उच्चारला की चर्चा संपते, म्हणूनच तो मला संशयास्पद वाटतो. एखाद्या कवितेबद्दल ‘छान आहे, काहीतरी वेगळीच आहे’ एवढेच बोलून थांबणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. मग छायाचित्राच्या बाबतीत ही सवलत का द्यावी?

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते इंदूरच्या आमच्या एका स्नेह्यांच्या चित्रसंग्रहाचे. गेल्या दोन वर्षांत त्यांनी वडिलांच्या पेटीतील एक दुर्मीळ टेलिफोटो झूम लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावून सुमारे चाळीस छायाचित्रे काढली. मंडळाच्या काही सदस्यांनी ती पाहिली आणि बहुतेकांनी तोंडभरून कौतुक केले. ते कौतुक चित्रांचे होते, भिंगाच्या वयाचे होते की वडिलांच्या आठवणीचे, हे मात्र कोणी वेगळे करून पाहिले नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम त्या लेन्सविषयी. निकॉन कंपनीची ही ५० ते ३०० मिलिमीटरची झूम लेन्स १९६७ साली बाजारात आली. वजन सुमारे सव्वादोन किलो, पुढच्या काचेवर बसणाऱ्या फिल्टरचा व्यास ९५ मिलिमीटर, पूर्ण उघडे छिद्र एफ/४.५. स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी झूम ही कल्पनाच तेव्हा नवी होती. फ्रँक बॅक यांची ‘झूमार’ ही ३६ ते ८२ मिलिमीटरची लेन्स १९५९ साली आली होती. तिच्यानंतर आठ वर्षांत सहा पटींचा पल्ला गाठणे हे धाडसच होते. अशी अवजड आणि महागडी वस्तू घेणारे थोडेच असणार. म्हणून ती आज सहसा दृष्टीस पडत नाही.

इतके जुने भिंग आजच्या कॅमेऱ्याला बसते कसे, हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स बसवण्याच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. निकॉनच्या जुन्या पद्धतीत ते ४६.५ मिलिमीटर आहे, कारण मध्ये हलणाऱ्या आरशाला जागा हवी होती. आरसा नसलेले कॅमेरे आले आणि हे अंतर कमी झाले. निकॉनच्याच २०१८ पासूनच्या नव्या पद्धतीत ते केवळ १६ मिलिमीटर आहे. उरलेले ३०.५ मिलिमीटर भरून काढणारी एक पोकळ नळी मध्ये बसवली की काम झाले. त्या नळीत काच नसते, असते ती फक्त मोजून ठेवलेली रिकामी जागा. जुन्या भिंगांच्या या नव्या लोकप्रियतेच्या मुळाशी रसिकतेइतकीच ही तीस मिलिमीटर रिकामी जागा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता त्या बहुचर्चित धूसरपणाकडे वळू. या लेन्समध्ये २० काचा १३ गटांत बसवलेल्या आहेत. एका गटातील काचा परस्परांना चिकटवलेल्या असल्या, तरी प्रत्येक गटाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला हवा असतेच. म्हणजे प्रकाशाला काच आणि हवा यांच्या २६ सीमा ओलांडाव्या लागतात. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. २६ वेळा चार टक्के गमावल्यावर जेमतेम एकतृतीयांश प्रकाश शिल्लक राहतो. काचेवर एक पातळ लेप दिला की हे नुकसान बरेच घटते. त्या काळच्या एकेरी लेपात ते दीड टक्का धरले, तरी सुमारे दोनतृतीयांश प्रकाश पलीकडे पोहोचतो. पुढे आलेल्या अनेक थरांच्या लेपाने अर्धा टक्का धरला, तर जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टक्के.

हरवलेला प्रकाश निमूटपणे नाहीसा झाला असता, तर चित्र फक्त थोडे काळोखे झाले असते. तो तसा जात नाही. एका पृष्ठभागावरून परत फिरलेला किरण दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा पुढे येतो. २६ पृष्ठभागांत अशा दुहेरी परावर्तनाच्या ३२५ जोड्या संभवतात. सेन्सर आणि त्यावरची गुळगुळीत काच त्यांत आणखी भर घालते. हा भटका प्रकाश साऱ्या चित्रावर पसरतो आणि जिथे गडद काळे हवे तिथे राखाडी करतो. ज्याला आपण मृदुता म्हणतो तिचा मोठा भाग हा असा आहे. त्यात भिंगाची भावुकता नाही. वाट चुकलेला प्रकाश आहे.

रंगीत किनारीचेही असेच. काच लाल आणि निळा प्रकाश सारख्या प्रमाणात वाकवत नाही. पल्ला जितका लांब तितका हा भेद डोळ्यांत भरतो. १९७७ साली कंपनीनेच या लेन्सची नवी आवृत्ती काढली. तिच्यात रंग कमी फाकवणारी खास काच वापरली आणि काचांची संख्या २० वरून १५ वर आणली. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याला आज ‘कॅरेक्टर’ म्हणून गौरवले जाते, तो तिच्या निर्मात्यांच्या लेखी दोष होता आणि संधी मिळताच त्यांनी तो दूर केला. कर्त्याला जे नको होते ते त्याच्या कृतीचे वैशिष्ट्य म्हणून मिरवताना रसिकाने थोडा संकोच बाळगायला हवा.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. या लेन्सला नावे ठेवणारी मंडळी तिची चित्रे संगणकाच्या पडद्यावर पूर्ण मोठी करून पाहतात आणि ‘अगदीच बोथट’ असा निकाल देतात. स्नेह्यांचा कॅमेरा साडेचार कोटींहून अधिक पिक्सेलांचा आहे. चित्राची रुंदी ८,२५६ पिक्सेल. सामान्य पडद्यावर ते पूर्ण आकारात पसरले, तर सुमारे दोन मीटर रुंद होईल. असे चित्र पाहण्याची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते, नाक टेकवून नव्हे. शिवाय त्या काळी खोलीच्या स्पष्टतेची कोष्टके करताना फिल्मवर सुमारे ०.०३ मिलिमीटर व्यासाचा ठिपका ‘स्पष्ट’ मानण्याचा प्रघात होता. स्नेह्यांच्या सेन्सरवर तेवढ्या व्यासात जवळजवळ सात पिक्सेल बसतात. पणजोबांच्या हिशेबातील आणे-पै आजच्या दशमान गणकयंत्रावर तपासून त्यांना बेहिशेबी ठरवण्यासारखेच हे आहे. ज्या अंतरावरून पाहण्यासाठी चित्र घडले, त्याच अंतरावरून त्याची परीक्षा व्हावी.

मग कसोटी कोणती लावावी? मला वाटते, आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा पुष्कळ आधी आणि पुष्कळ बारकाईने विचार केला आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’चा सातवा उल्लास दोषचर्चेला दिला. काव्य निर्दोष असावे ही त्याची अपेक्षा पुढे विश्वनाथाला मान्य झाली नाही. पण त्या वादापेक्षा मोलाचा आहे तो आनंदवर्धनाच्या परंपरेने केलेला नित्य आणि अनित्य दोषांचा भेद. व्याकरणाची चूक कुठेही चूकच. तो नित्य दोष. कर्णकटू वर्णांचे तसे नाही. शृंगारात ते रसभंग करतात, रौद्रात मात्र तेच शोभून दिसतात. म्हणजे दोष शब्दात नसतो, शब्दाच्या रसाशी असलेल्या नात्यात असतो. हा अनित्य दोष.

या एका भेदाने ‘कॅरेक्टर’ या शब्दाचे धुके बरेचसे विरते. जुन्या भिंगाचे दोष बहुतांशी अनित्य आहेत. ते सर्वत्र गुण नाहीत आणि सर्वत्र दोषही नाहीत. प्रत्येक चित्रापुढे उभे राहून या विषयाला, या भावाला तो धूसरपणा पोषक आहे की मारक, असे विचारावे लागते. ‘जुन्या लेन्सचा लुक’ असा सरसकट गौरव करणारा आणि सरसकट नाक मुरडणारा असे दोघेही या प्रश्नातून अंग काढून घेतात.

याच कसोटीवर स्नेह्यांच्या संग्रहातील काही चित्रे पाहू. सिरपूर तलावावरील पांढऱ्या बगळ्याचे चित्र सर्वांना आवडले. काळसर पाण्यावर उजळ पक्षी आणि त्याच्याभोवती प्रभावळीसारखे तेज. परंतु ते तेज बगळ्याचे नाही, ३०० मिलिमीटरवर पूर्ण उघड्या छिद्रातून आलेल्या भिंगाच्या दुर्बलतेचे आहे. त्याने पिसांचा पोत खाऊन टाकला आहे आणि चोचीच्या कडेला जांभळी रेघ ओढली आहे. पक्ष्याच्या चित्रात आपण पक्षी पाहायला जातो. इथे पक्षी हे प्रभावळ दाखवण्याचे निमित्त झाले. छिद्र एफ/८ पर्यंत लहान केले असते, तर भिंगाने पिसेही दाखवली असती. इतर चित्रांवरून तेवढी क्षमता त्यात आहे, हे दिसते.

दुसरे चित्र स्नेह्यांच्या वृद्ध मावशींचे. वाड्याच्या ओसरीवर, कडेने येणाऱ्या उजेडात, जुने नऊवारी लुगडे नेसून त्या बसल्या आहेत. मृदू कडा, पिवळसर छटा, मागचा खांब विरघळलेला. पाहणाऱ्याचा कंठ दाटून यावा अशी सारी सिद्धता. मला हे चित्र संग्रहातील सर्वांत दुबळे वाटते. चेहरा जुना, ओसरी जुनी, लुगडे जुने आणि त्यांच्यावर जुनेपणाचा आणखी एक हात. साहित्यशास्त्रात याला पुनरुक्ती म्हणतील. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या स्वतः बोलत असताना भिंगाने त्यांच्यावर हुंदका देण्याची गरज नव्हती. मावशींच्या नजरेतली ती मिस्कील धार, जी त्यांना ओळखणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे, ती या मायाळू धुक्यात हरवली. गतकाळाच्या ओढीने आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांनाच पुसट करतो, हा धोका आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून राहिलेल्या समाजाने तरी ओळखायला हवा.

तिसरे चित्र रंगपंचमीच्या गेरचे. राजवाड्याच्या परिसरात एका गच्चीवरून काढलेले. इथे प्रथमच ती लेन्स आणि तिचा विषय एकमेकांना भेटले आहेत. गच्चीवरून हलता येत नाही, म्हणून ५० पासून ३०० पर्यंतचा पल्ला हवाच. वर उडालेला गुलाल, त्यातून आरपार येणारे ऊन, खाली माणसांचा महापूर. हवेतच पडदा आहे. भिंगाच्या आतला भटका प्रकाश आणि बाहेरच्या गुलालात विखुरलेला प्रकाश यांची सीमा कुठे, हे सांगता येत नाही. लांब पल्ल्याच्या चौकटीत दूरच्या रांगा जवळच्या रांगांवर येऊन टेकतात. खरे तर ही किमया भिंगाची नसून दूर उभे राहण्याची आहे, कारण यथादर्शन अंतरावर ठरते. लांब पल्ला त्यातला हवा तेवढा तुकडा कापून देतो. पण इथे त्या चेपलेल्या गर्दीतून गेरचा धक्का, श्वास कोंडणे आणि उल्हास हे तिन्ही उभे राहतात. मधोमध एक मुलगा डोळे मिटून वर पाहतो आहे आणि तेवढाच पुरेसा स्पष्ट आहे. हा दोषाचा गुण झाला. अनित्य दोषाचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे देता येणार नाही.

हे चित्र आपोआप मिळालेले नाही, हेही नोंदवले पाहिजे. हे भिंग कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही. फोकस हाताने करायचा, तोही ३०० वर नेमका साधून. सेन्सर हलवून हाताचा कंप सावरणाऱ्या यंत्रणेला पल्ल्याचा आकडा हाताने भरून द्यावा लागतो. तो एका पल्ल्याचा भरला आणि लेन्स दुसऱ्यावर नेली, तर यंत्रणा चुकीच्या मापाने सावरते. स्नेह्यांनी ती बंद केली, शटरचा वेग वाढवला आणि लेन्स कठड्यावर टेकवली. जुन्या साधनाचा खरा लाभ इथे असावा. ते चित्र सुंदर करत नाही, ते काढणाऱ्याला क्षणभर थांबायला लावते.

आजच्या भिंगांचे पुरस्कर्ते म्हणतील की मग नव्याची सचोटी मान्य करा. तिथेही सावध राहणे बरे. आजच्या अनेक झूम लेन्समध्ये सरळ रेषांची वक्रता आणि कडांचा काळोख काचेने न सुधारता कॅमेऱ्यातील गणिताने सुधारला जातो. आपण पाहतो ते काचेचे चित्र नसते, दुरुस्त प्रत असते. यात फसवणूक नाही. हेतू साधला की साधन योग्य. परंतु जुनी काच ‘प्रामाणिक’ आणि नवी ‘कृत्रिम’, किंवा नवी ‘सत्य’ आणि जुनी ‘भ्रम’, या दोन्ही जोड्या सारख्याच भोळ्या आहेत.

छायाचित्रणाच्या इतिहासातही हा वाद नवा नाही. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी अठ्ठेचाळीसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेवर तत्कालीन जाणकारांनी टीका केली. आज ती व्यक्तिचित्रे श्रेष्ठ मानली जातात, कारण ती अस्पष्टता चेहऱ्याच्या भावाशी बांधलेली होती. उलट १९३२ साली कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स आणि एडवर्ड वेस्टन यांच्या गटाने लहान छिद्राचा ‘एफ/६४’ हा आकडाच नाव म्हणून घेतला आणि स्वच्छ, टोकदार चित्राचा आग्रह धरला. दोन्ही बाजूंनी उत्तम चित्रे झाली. निर्णय भिंगाने दिला नाही, हेतूने दिला.

आपल्या शहरापुरते बोलायचे, तर लाला दीनदयाळ यांना विसरता येणार नाही. रुडकीहून शिकून आलेला हा आरेखक १८६६ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागला आणि इथेच छायाचित्रकार झाला. दुसरे तुकोजीराव होळकर यांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील लेपेल ग्रिफिन यांचा ग्रंथ १८८६ साली त्यांच्याच छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. त्या चित्रांत दगडाची सांध आणि कोरीव कामाची रेघ वेगळी मोजता येते. आज ती सुंदर वाटतात आणि उपयोगीही पडतात, कारण नोंद करण्याचे काम त्यांनी हौसेच्या हाती सोपवले नव्हते.

हा उल्लेख निव्वळ इतिहासप्रेमाने केलेला नाही. स्नेह्यांच्या संग्रहातील शेवटची अकरा चित्रे त्यांच्या वाड्याची आहेत. कुटुंबाच्या वाटण्या झाल्या आहेत आणि येत्या वर्षात वाडा उतरवला जाईल. लाकडी खांबांवरील नक्षी, माडीचे कठडे, देवघराची चौकट, मागची विहीर यांची दुसरी नोंद कुठेही नाही. ही अकराही चित्रे त्याच लेन्सने काढली आहेत. ओसरीतला गडद भाग राखाडी झाला आहे, त्यामुळे कोनाड्याची खोली कळत नाही. ५० मिलिमीटरच्या टोकाला खांब किंचित बाहेर फुगले आहेत. कोणते चित्र कोणत्या पल्ल्यावर काढले, याची चित्रात नोंदच नाही. भूमापनाच्या खात्यात उमेदीची तीस वर्षे गेलेल्या माणसाला मोजपट्टीशिवायचा नकाशा पाहून जे वाटते, तेच मला ही चित्रे पाहून वाटले. गेरमध्ये जो दोष गुण झाला, तोच इथे पुन्हा दोष झाला. आणि इथली हानी भरून न येणारी आहे. गेर पुढल्या वर्षी पुन्हा निघेल, वाडा मात्र निघणार नाही.

स्नेह्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पण बाबांच्याच लेन्सने बाबांचा वाडा टिपावा, असे वाटले हो.” ही भावना मी कमी लेखत नाही. मात्र स्मरण आणि नोंद ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत आणि त्यांची साधने वेगळी असू शकतात. वाडा उभा आहे तोवर तो एकदा साध्या, आजच्या, सरळ रेषा सरळ दाखवणाऱ्या भिंगाने, तिपाईवरून, प्रत्येक चौकटीत मोजपट्टी ठेवून टिपावा. मग मन रमेल तसा पुन्हा वडिलांच्या लेन्समधून पाहावा. पहिली चित्रे नातवंडांना वाडा कसा होता ते सांगतील, दुसरी तो आपल्याला कसा वाटत होता ते. एकाच चित्रावर दोन्ही ओझी टाकली, तर ते दोन्हीकडे अपुरे पडते.

जुन्या वस्तूचा मान तिच्या वयात नसतो, तिला योग्य काम देण्यात असतो. आपल्या घरांतून भिंगे, वह्या, दागिने, म्हणी आणि उच्चार असे पुष्कळ जुने सामान आजही सांभाळलेले आहे. त्या सगळ्याला ‘कॅरेक्टर’ म्हणून कपाटात ठेवणे सोपे. त्यातले काय कुठे बोलते आणि कुठे गप्प राहायला हवे, हे ओळखणे कठीण. चाळीस चित्रांच्या या संग्रहातील गेरचे ते एक चित्र पाहिले, की हे कठीण काम करणे शक्य आहे याची खात्री पटते. म्हणून त्या चित्राचे मनःपूर्वक अभिनंदन, आणि वाड्याच्या चित्रांसाठी स्नेह्यांना एकच विनंती : घाई करावी.